ईरीच्या गाळातली बिऱ्हाडं

जून सरत आला की अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठच्या काही गावांत रात्री रस्त्यावरचे दिवे मुद्दाम मालवतात. कारण मेफ्लाय. दोनेक वर्षं तळच्या गाळात काढलेले हे किडे एकेका रात्री कोट्यवधींनी वर येतात, कात टाकून उडतात आणि उजेडावर झेपावतात. सकाळी दुकानांच्या पायऱ्यांवरचे त्यांचे ढीग फावड्यानं लोटावे लागतात. हवामान खात्याच्या रडारवर हे थवे स्पष्ट दिसतात. पंख फुटलेल्या मेफ्लायला काही खाता येत नाही. दिवस-दोन दिवसांत जोडी जमवायची, पाण्यावर अंडी घालायची, की संपलं. त्याचं खरं आयुष्य खाली चिखलातच गेलेलं असतं.

तिथे त्याची अळी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचं बीळ खणते. बिळाची दोन्ही तोंडं पाण्यात उघडतात. पोटाच्या बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. ते अळी सतत हलवत राहते, त्यामुळे बिळातून पाणी खेळतं आणि प्राणवायू गाळात खोलवर पोचतो. चांगल्या दिवसांत ईरीच्या पश्चिम भागात एका चौरस मीटर तळात अशी शेकडो बिऱ्हाडं असत.

या बिऱ्हाडांवर संकट आलं ते खताच्या रूपानं. फॉस्फरस हे काही विष नव्हे. सरोवरात तो थोडा वाढला की शेवाळ वाढतं, मेलेलं शेवाळ तळाशी बसतं आणि गाळातल्या जिवांना चार घास जास्त मिळतात. सुरुवातीला त्यांची संख्या वाढतेही. पण शहरांचं सांडपाणी, साबणाच्या पावडरी आणि शेतातलं खत वाहून येतच राहिलं, तर तळाशी बसणारं शेवाळ कुणाला खाऊन संपत नाही. ते जिवाणू कुजवतात आणि कुजवताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. आपल्याकडे पवईत किंवा रंकाळ्यात जलपर्णी माजली की बातमी होते, कारण ती डोळ्यांना दिसते. तळाशी काय चाललंय ते कुणी बघत नाही, आणि मला वाटतं, बघायला हवं ते तिथेच.

ईरीचा पश्चिम भाग सरासरी जेमतेम सात मीटर खोल. वाऱ्यानं तिथलं पाणी वर-खाली ढवळलं जातं, म्हणून तळाला हवा मिळत राहते. १९५३च्या उन्हाळ्याअखेर वारा पडला आणि उकाडा टिकला. कोमट पाणी वर, थंड पाणी खाली, असे दोन थर झाले. खालच्या थरातला प्राणवायू भरपूर खाद्य मिळालेल्या जिवाणूंनी भराभर संपवला. सप्टेंबरमध्ये विल्सन ब्रिट या शास्त्रज्ञानं तळाचा गाळ उपसला, तेव्हा त्यात मेफ्लायच्या मेलेल्या अळ्यांचा खच होता. १९६१मध्ये त्याच भागातली मोजणी १९३०च्या मोजणीशी ताडून पाहिली, तर मेफ्लाय एक टक्काही उरले नव्हते.

तळ मात्र ओस पडला नाही. बिऱ्हाडं बदलली. ट्युबिफेक्स आले, म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून मिळतो तो लालसर धाग्यांचा वळवळता गुंता. तोंड चिखलात, शेपूट वर पाण्यात, अशी त्यांची राहण्याची तऱ्हा. पाण्यात प्राणवायू कमी झाला की शेपूट आणखी बाहेर काढून ते ती जोरानं हलवतात. सोबत कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या. हा रंग आपल्याच रक्तात असणाऱ्या हिमोग्लोबिनचा. प्राणवायू तुटपुंजा असला तरी तो धरून ठेवायची सोय त्यांच्या अंगातच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत प्लोन इथे ऑगस्ट थिनेमान यांनी यावरूनच सरोवरांची प्रतवारी लावली. कमी पोषणाच्या खोल सरोवरात टॅनिटार्सस गटाच्या अळ्या, अतिपोषित सरोवरात कायरोनोमस. पाण्याचा नमुना त्या दिवसापुरतं सांगतो. अळी मात्र महिनोन्‌महिने तिथेच राहिलेली असते, म्हणून मला तिची साक्ष जास्त भरवशाची वाटते.

१९७२मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी महासरोवरांच्या पाण्यासाठी करार केला. सांडपाणी शुद्ध होऊ लागलं, साबणातला फॉस्फरस कमी झाला. तरीही मेफ्लाय परतायला १९९०चं दशक उजाडलं. एवढा वेळ लागण्यामागे गाळाचा स्वतःचा स्वभावही असतो. प्राणवायू असेपर्यंत गाळातलं लोह फॉस्फरसला बांधून ठेवतं. तो संपला की लोह विरघळतं आणि वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. इंग्लंडमधल्या सरोवरांवर काम करताना क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे दाखवलं होतं. बाहेरचे नळ बंद केले, तरी तळातला साठा उरतोच.

आणि आता बाहेरचे नळही पुरते बंद नाहीत. मॉमी नदी मका-सोयाबीनच्या शेतांतून विरघळलेलं खत घेऊन ईरीत उतरते. ऑगस्ट २०१४मध्ये विषारी निळ्या-हिरव्या शेवाळामुळे टोलेडो शहराच्या नळाचं पाणी पिऊ नका, असं तिथल्या लाखो लोकांना सांगावं लागलं. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या रडार-अभ्यासानुसार २०१५ ते २०१९ या काळात पश्चिम ईरीवरचे मेफ्लायचे थवे ८४ टक्क्यांनी घटले. त्यामागे शेवाळ, तापतं पाणी, कीटकनाशकं अशी अनेक कारणं असावीत, असं अभ्यासकांना वाटतं. २००८च्या तुलनेत फॉस्फरस ४० टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट दोन्ही देशांनी २०१६मध्ये ठरवलं आहे. त्यातला मोठा वाटा मॉमीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी उचलायचा आहे. खत कधी टाकायचं, किती टाकायचं, आणि पावसाआधी ते मातीत मुरवायचं की वरच राहू द्यायचं, हे त्यांच्याच हातात आहे.