कॉलेजातलं इंग्रजी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मराठी माध्यमातून बारावी झालेला विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षाला आला, की त्याला दोन गोष्टी हमखास ऐकवल्या जातात. एक, आता उशीर झाला. दोन, आता तरी मराठी सोड. दोन्हींत तथ्य कमी, घाबरवणंच जास्त.

मराठी सोडायचा सल्ला आपल्याकडचाच नाही. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजी अध्यापनतज्ज्ञांची परिषद भरली होती. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, ज्याची ती मातृभाषा तोच उत्तम शिक्षक, जितकी लवकर सुरुवात तितकं बरं, अशी मतं तिथे पक्की झाली आणि जगभर गेली. रॉबर्ट फिलिपसन या अभ्यासकाने १९९२ साली ‘लिंग्विस्टिक इम्पिरिअॅलिझम’ या पुस्तकात त्यांना सरळ भ्रम ठरवलं. तरी आपल्या वर्गांमधून ती अजून हललेली नाहीत. इंग्रजीत नामाआधी ‘ए’ कधी आणि ‘द’ कधी, हे मराठीत नसलेलं प्रकरण आहे. ते मराठीतून पाच मिनिटांत समजावता येतं. तेच इंग्रजीतून तासभर सांगून वर्ग नुसता माना डोलावत असेल, तर त्याला शिकवणं म्हणायचं का?

उशिराचं म्हणाल, तर महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीला सुरू होई. पण बार्सिलोनातल्या शाळांमधल्या एका दीर्घ अभ्यासात आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली मुलं तपासली, तेव्हा तितक्याच तासांच्या शिकवणीनंतर उशिरा सुरू केलेली मुलंच पुढे दिसली. भोवती सगळेच ती भाषा बोलत असतील, तर लहान वयाचा फायदा होतो, उच्चारात विशेष. आठवड्याच्या मोजक्या तासांत समज आणि शिस्त कामाला येते, आणि ती अठराव्या वर्षी जास्त असते.

उच्चारांची भीती मात्र भलत्याच जागी खर्च होते. ब्रिटिश ढब आणायला क्लास लावतात! जेनिफर जेनकिन्स यांनी वेगवेगळ्या देशांतले लोक आपसांत इंग्रजी बोलताना कुठे अडतात, ते तपासलं. ‘थिंक’मधला तो जीभ दातांत धरायचा ‘थ’ जमला नाही तरी समोरच्याला कळतं, असं त्यांना आढळलं. अडतं ते स्वरांच्या लांबीवर. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळतो, बोलताना फारसे नाही. त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच होऊन बसतात. शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ आपण हवा न सोडता म्हणतो, म्हणून आपलं ‘पिन’ काही कानांना ‘बिन’ ऐकू येतं. सरावायचं तर हे.

आता सगळ्यात महागडा गैरसमज : बोलता आलं की इंग्रजी आलं. ‘फाडफाड इंग्रजी’च्या जाहिराती त्यावरच चालतात. कॅनडात जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांचा अभ्यास केला. रोजचं बोलणं त्यांना साधारण दोन वर्षांत जमे. अभ्यासाच्या इंग्रजीत इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागत, तेही भोवती इंग्रजीच असताना. इंग्रजी माध्यमातून आलेला, सफाईदार बोलणारा मुलगा अर्थशास्त्राच्या उताऱ्यावर का अडखळतो, याचं उत्तर इथे आहे.

अडतं ते बरंचसं शब्दांवर. १९५३ सालच्या मायकल वेस्ट यांच्या यादीतले सुमारे दोन हजार नेहमीचे शब्द येत असले, तरी अभ्यासाच्या मजकुरात पाचातला एखादा शब्द अनोळखी राहतो. तेवढ्याने परिच्छेद हातातून सुटतो. अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय मजकुरातून ५७० शब्दकुटुंबांची यादी काढली. ‘अॅनालाइझ’, ‘कन्सेप्ट’, ‘हायपोथेसिस’ असे शब्द तिच्यात आहेत, आणि कुठल्याही शाखेच्या पुस्तकातला साधारण दहावा हिस्सा त्यांनीच भरतो. यादी इंटरनेटवर फुकट मिळते. क्लासची फी भरण्याआधी ती उतरवून घ्या, आणि आपल्याच विषयाच्या पुस्तकात रोज दोन पानं ते शब्द शोधत वाचा.