वजन पुन्हा चढल्यावर: दुसऱ्या शस्त्रक्रियेआधीचे प्रश्न

वजन उतरवण्यासाठी केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेने अपेक्षाभंग केला, की रुग्ण आणि त्याचे घरचे लवकरच दुसऱ्या शस्त्रक्रियेची चौकशी करू लागतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर घाई अंगाशी येते. जठराभोवतीचे अवयव जुन्या शस्त्रक्रियेमुळे एकमेकांना चिकटलेले असतात, त्या भागाचा रक्तपुरवठा बदललेला असतो, त्यामुळे जोडलेल्या ठिकाणाहून गळती होण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा अधिक असतो आणि उतरणारे वजन बहुधा पहिल्याइतके नसते. म्हणून ‘आता कोणते ऑपरेशन करायचे’ या प्रश्नाआधी ‘पहिले कशामुळे कमी पडले’ या प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे.

मुळात ते कमी पडले आहे का, हेही तपासावे लागते. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या आणि 4,000 हून अधिक लठ्ठ व्यक्तींचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, बायपास, म्हणजे जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया, झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरले, पण दहा वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर आली. याचा अर्थ असा की 120 किलोंची व्यक्ती 82 किलोंपर्यंत उतरून पुढे 90 किलोंवर स्थिरावली, तर ती शरीराची अपेक्षित चाल आहे. अशा व्यक्तीचा मधुमेह आटोक्यात असेल आणि झोपेत श्वास अडकणे थांबले असेल, तर लग्नकार्यात कोणी ‘पुन्हा अंग धरलंय’ असे म्हटले म्हणून पोट दुसऱ्यांदा उघडण्याचे कारण नाही.

खरोखर अपयश आले असेल, तर त्याची कारणे दोन ठिकाणी शोधावी लागतात, एक म्हणजे शरीराची रचना आणि दुसरे म्हणजे रुग्णाचे आयुष्य. स्लीव्ह या मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात आणि अरुंद नळीसारखे जठर शिल्लक ठेवतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. ही नळी काळाने सैलावू शकते, किंवा वरच्या बाजूचा फुगीर भाग पुरेसा काढला गेलेला नसतो. बायपासमध्ये जठराची पिशवी आणि आतडे यांमधला जोड रुंदावू शकतो. तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी आणि बेरियम पिऊन काढलेले एक्स-रे यांवरून हे बरेचसे कळते, आणि या तपासण्यांविना दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवणे योग्य नव्हे.

आयुष्यातील कारण मात्र दुर्बिणीत दिसत नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातील, पूर्णा नदीवरच्या धरणाकाठचे सिद्धेश्वर हे गाव डोळ्यांसमोर आणल्यास ते समजणे सोपे जाते. अरुंद झालेल्या जठरात ज्वारीची कोरडी भाकरी आणि उसळ नीट चावून न खाल्ल्यास अडकते, छातीत दाटते, कधी उलटी होते. त्याउलट चहात बुडवलेले बिस्किट, पातळ वरण-भात, शिरा हे विनासायास उतरते. रुग्ण नकळत मऊ आणि गोड पदार्थांकडे वळतो, दिवसातून चार-पाच कप साखरेचा चहा होतो, आणि प्रथिने देणारे घट्ट अन्न ताटातून हद्दपार होते. श्रावणात औंढ्याच्या नागनाथाला जाणाऱ्याचा उपवास साबुदाण्यावर निघतो, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. हा दोष रुग्णाच्या इच्छाशक्तीवर ढकलणे अन्यायाचे आहे, कारण भाकरी कशी आणि किती वेळ चावावी, आधी उसळ की आधी भात, हे त्याला बहुधा एकदाच, घरी सोडण्याच्या गडबडीत सांगितलेले असते. खाण्याची ही घडी तशीच राहिली, तर नवा बायपासही काही वर्षांत तिच्यापुढे हरतो. यांखेरीज स्टेरॉइड, इन्सुलिन, काही मानसोपचाराची औषधे, थायरॉइडची कमतरता आणि नैराश्य यांनीही वजन चढते.

फेरशस्त्रक्रियेचे सर्वांत भक्कम कारण वजनापलीकडचे असू शकते. स्लीव्हनंतर काहींना इतकी तीव्र आम्लता जडते की अन्ननलिकेला जखमा होतात. औषधांनी ती आटोक्यात येत नसेल, तर स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करणे रास्त ठरते. मात्र बायपासमुळे लोह, कॅल्शियम आणि ब-12 जीवनसत्त्व यांचे शोषण घटते. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हिंगोली जिल्ह्यातच असून पंचक्रोशीत माळकरी, शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. शाकाहारात ब-12 आधीच तुटपुंजे असल्याने अशा रुग्णाने गोळ्या किंवा इंजेक्शने जन्मभर घेण्याची आणि ठरावीक काळाने रक्त तपासण्याची तयारी ठेवलीच पाहिजे, अन्यथा रक्तक्षय आणि हातापायांना मुंग्या येणे हे ठरलेले.

आता औषधांचा मार्गही खुला झाला आहे. शस्त्रक्रियेनंतर वजन पुरेसे न उतरलेल्या रुग्णांना लिराग्लुटाइडचे इंजेक्शन देऊन लंडनमध्ये झालेल्या, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत 24 आठवड्यांत सरासरी सुमारे 9 टक्के वजन उतरले. टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही याच धाटणीची अधिक प्रभावी औषधे 2025 पासून भारतात मिळू लागली. ती महाग आहेत आणि थांबवल्यावर वजन परतते, तरीही दुसऱ्यांदा भूल घेण्याआधी त्यांचा विचार न होणे ही उणीवच होय. खर्चाबाबत आणखी एक गोष्ट अशी की भारतातील आरोग्य विम्यात या शस्त्रक्रियेसाठी सामान्यतः बीएमआय, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, 40 असावा लागतो, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास 35; फेरशस्त्रक्रिया त्यात बसते का, हे विमा कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे.

निर्णय झालाच, तर पहिल्या शस्त्रक्रियेची मूळ टिपणे आणि असल्यास चित्रफीत मिळवून नव्या शल्यविशारदासमोर ठेवावी. शस्त्रक्रिया पुण्यात किंवा हैदराबादेत होईल, पण अडचण आली तर रुग्ण हिंगोली किंवा नांदेडला पोहोचणार आहे. पहिल्या काही आठवड्यांत ताप, वाढती पोटदुखी किंवा मिनिटाला 120 च्या वर नाडी हे गळतीचे लक्षण मानून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते, आणि तिथल्या डॉक्टरांना कोणता जोड कुठे आहे हे ठाऊक नसेल तर मौल्यवान तास वाया जातात. म्हणून डिस्चार्ज कार्डासोबत आतील नव्या रचनेची आकृती, शल्यविशारदाचा दूरध्वनी क्रमांक आणि वर्ज्य औषधांची यादी मागून घ्यावी. बायपासनंतर गुडघेदुखीवर मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या जोडावर व्रण पाडतात, तंबाखू आणि विडीही तेच करते, आणि ही गोष्ट गावातल्या औषध दुकानदारालाही सांगून ठेवलेली बरी.