आर्नोल्फिनी-चित्रांतील प्रतीकें व कागदाची साक्ष

यान व्हान आयक या फ्लेमिश चित्रकारानें इ. स. १४३४ मध्यें ओकच्या फळीवर रंगविलेलें आर्नोल्फिनी दांपत्याचें तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीनें १८४२ त विकत घेतलें. फळी सुमारें ८२ सेंटिमीटर उंच व ६० रुंद आहे. चित्रांत हातांत हात घेतलेलें जोडपें, पायांशीं कुत्रा, काढून ठेवलेल्या लांकडी खडावा व झुंबरांत भरदिवसां जळणारी एकच मेणबत्ती दिसते. मागील भिंतीवरील बहिर्गोल आरशांत जोडप्याची पाठ व दारांतील आणखी दोन व्यक्ति उमटल्या आहेत. आरशाच्या वर ‘योहानेस द आयक येथें होता, १४३४’ अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे.

लेखाचें अक्षर दस्तऐवजी वळणाचें आहे. त्यावरून एर्विन पॅनोफ्स्की यांनीं १९३४ त असें प्रतिपादिलें कीं, हें चित्र म्हणजे विवाहाचा दस्तऐवजच होय व चित्रकार त्याचा साक्षीदार. मेणबत्ती सर्वसाक्षी ईश्वराची, कुत्रा निष्ठेची व काढलेल्या खडावा स्थळाच्या पावित्र्याची खूण ठरल्या. वर जियोव्हानी दि आर्रिगो आर्नोल्फिनी व वधू जियोव्हान्ना चेनामी, असेंही मानलें गेलें.

हा अर्थ पुष्कळ वर्षें बहुमान्य होता. तथापि १९९० नंतर उजेडांत आलेल्या कागदावरून या उभयतांचा विवाह १४४७ त झाल्याचें दिसून आलें. चित्रकार तर १४४१ तच वारला होता. म्हणून चित्रांतील पुरुष त्याच घराण्यांतील जियोव्हानी दि निकोलाओ असावा, असें मत पुढें आलें. शिवाय अवरक्त किरणांनीं पाहतां कुत्रा, झुंबर व खडावा मूळ रेखाटनांत आढळत नाहींत. तीं रंगवितांना मागाहून घातलेलीं आहेत. तीं दस्तऐवजाचीं आवश्यक कलमें असतीं, तर आरंभापासूनच योजिलीं गेलीं असतीं.

मग चित्रांत प्रतीकें मुळींच नाहींत काय? तसें नाहीं. आरशाच्या चौकटींतील दहा लहान वर्तुळांत ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग आहेत; त्यांचा धार्मिक अर्थ निर्विवाद आहे. परंतु तैलरंग सावकाश वाळतो व त्याचे पारदर्शक थर एकावर एक देतां येतात, म्हणून पितळेची झळाळी व झग्याच्या काठाची केसाळ लव हुबेहूब उतरली आहे. अशा वास्तवतेमुळें प्रत्येक वस्तु कांहीं बोलूं पाहते, आणि पाहणारास तिच्यांत गूढार्थ दिसूं लागतो.

लेख इतकेंच सांगतो कीं, चित्रकार येथें होता. विवाह झाला असें तो सांगत नाहीं. प्रतीकाचा अर्थ अवश्य लावावा, पण कागदाच्या व तारखेच्या कसोटीस उतरल्याखेरीज तो प्रमाण मानूं नये, असें आमचें मत आहे.