बिनपाण्याची हजामत : क्षौरकर्मातील फेसाचा विचार

तैलपाक सिद्ध झाला की नाही, हे आपण फेसावरून ओळखतो. तेल सिद्ध होताना फेस येतो, घृत सिद्ध होताना तो शमतो. फेनोद्गम आणि फेनशांती ही लक्षणे औषधशाळेतील नवशिक्या मदतनिसालाही पाठ असतात. मात्र रोज सकाळी आरशासमोर उभे राहून आपल्याच गालावर आपण जो फेस चढवतो, त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. दाढीनंतरची आग, मानेवरील पुटकुळ्या, त्वचेत आत वळलेले केस या तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आपणांस नवा नाही. त्याला आहार, निद्रा, मलप्रवृत्ती यांविषयी आपण सविस्तर विचारतो; दाढीचा फेस कसा करता, हे मात्र विचारत नाही. तो प्रश्न का विचारावा, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी आमच्याच चुकीचे उदाहरण देतो. एक माध्यमिक शिक्षक हनुवटीखाली व मानेवर वारंवार उठणाऱ्या पूययुक्त पुटकुळ्यांसाठी आमच्याकडे आले. रक्तदुष्टी गृहीत धरून आम्ही मंजिष्ठादि क्वाथ, गंधक रसायन व बाह्यतः लेप अशी योजना केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना उत्तम उपशय मिळाला आणि त्याचे श्रेय आम्ही औषधांना दिले. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि औषधे चालू असतानाच पुटकुळ्या पुन्हा उठल्या. तेव्हा प्रथमच आम्ही त्यांची दाढीची रीत विचारली. सुट्टीत ते आठवड्यातून दोनदा, आंघोळीनंतर सावकाश दाढी करीत. शाळेच्या दिवसांत मात्र पहाटे, बोअरवेलच्या गार पाण्याचा हात फिरवून, नळीतील क्रीम बोटांनी अर्ध्या मिनिटात फासून रोज दाढी होत असे. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा, हे सूत्र आपण विद्यार्थिदशेपासून घोकतो. येथे निदानच विचारले गेले नव्हते.

ग्रंथोक्त संदर्भ

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात केश, श्मश्रू व नखे कापण्याचे गुण सांगितले आहेत. आठव्या अध्यायातील सद्वृत्तात हे कर्म पक्षातून तीन वेळा करावे असे म्हटले आहे. वात्स्यायनाच्या नागरकाच्या दिनचर्येत तिसऱ्या दिवशी फेनक आणि चौथ्या दिवशी क्षौर येते. म्हणजे शास्त्राला अभिप्रेत असलेले क्षौर महिन्यातून सहा-सात वेळांचे आहे. आजचा नोकरदार पुरुष ते तीस वेळा करतो. सुरक्षित पात्याच्या रेझरला अमेरिकेत 1904 मध्ये पेटंट मिळाले आणि पुढे घरोघरी स्वतः दाढी करण्याची चाल पडली. पाते न्हाव्याच्या हातून आपल्या हाती आले, परंतु पाते लावण्यापूर्वीची त्याची विद्या आली नाही.

ही विद्या म्हणजे पाणी. धोकटी घेऊन दारी येणारा जुना नाभिक वस्तरा उघडण्यापूर्वी ओल्या बोटांनी दाढी बराच वेळ चोळत असे. पुष्कळदा साबण नसे. केवळ पाणी आणि बोटे. ‘बिनपाण्याने हजामत करणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत एखाद्याची पुरती फजिती करण्यासाठी वापरला जातो. त्यात बिनसाबणाची हजामत म्हटलेले नाही, बिनपाण्याची म्हटले आहे. आणि ते शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे.

फेसाचे कार्य

दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा केस राठ असतो. पाणी शोषून घेतल्यावर तो फुगतो, मऊ होतो आणि पुष्कळ कमी जोराने कापला जातो. कोमट पाण्यात यास साधारण दोन-तीन मिनिटे लागतात. गार पाण्यात अधिक. केसावर त्वचेचे तेल असल्यास पाणी आत शिरण्यास अडते. साबण ते तेल दूर करतो, फेस पाण्याला गालावर धरून ठेवतो, आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर तयार होतो. तात्पर्य, फेस हे पाण्याचे अनुपान नव्हे. पाणी हेच द्रव्य आहे आणि फेस त्याचे वाहन. फेस किती उंच चढला यापेक्षा त्याने किती पाणी व किती वेळ धरला, हे महत्त्वाचे.

शतधौत घृत ज्यांनी स्वहस्ते केले आहे, त्यांना हे सहज उमगेल. तेथेही द्रव्ये दोनच, घृत आणि पाणी. गुण येतो तो पुनःपुन्हा मर्दनाने. फेसाचेही तसेच आहे. पाणी एकदम ओतून चालत नाही. थेंबाथेंबाने घालीत घोटावे लागते.

फेस करण्याच्या पद्धती

1) वाटीतील फेस : ओला ब्रश साबणाच्या वडीवर वीस-तीस सेकंद फिरवावा, किंवा बदामाएवढे क्रीम वाटीत घ्यावे. मग थोडे थोडे पाणी घालीत एक-दीड मिनिट घोटावे. फेस डोळ्यांसमोर तयार होत असल्याने पाण्याचे प्रमाण समजते. शिकणाऱ्यास ही पद्धत उत्तम. ज्यांची त्वचा ब्रशाच्या घर्षणाने लालसर होते, त्यांनाही हीच योग्य, कारण घोटण्याचे काम वाटीत होते व गालावर केवळ लेपन राहते.

2) चेहऱ्यावरील फेस : साबणाची कांडी ओल्या दाढीवर केसांच्या उलट दिशेने घासावी आणि ओल्या ब्रशाने गालावरच फेस करावा. यात केस उभे राहतात, पाणी मुळापर्यंत पोचते आणि त्वचेवरील कोंडा सुटतो. राठ, दाट दाढीस ही पद्धत विशेष गुणकारी. पुटकुळ्या, व्रण किंवा दाह असताना मात्र ती वर्ज्य करावी.

3) तळहातावरील फेस : प्रवासात वाटी नसते, तेव्हा डाव्या तळहाताच्या खळग्यात ब्रश फिरवून फेस करता येतो. तळहाताच्या उबेने फेस गार होत नाही. पाणी बोटांमधून ओघळते, म्हणून ते वारंवार घालावे लागते.

4) ब्रशाविना : नळीतील क्रीम बोटांनी फासणे किंवा दाबाच्या डब्यातील तयार फेस लावणे. डब्यातील फेसात हवा अधिक व पाणी कमी असते. ही पद्धत सर्वथा त्याज्य नाही, परंतु तत्पूर्वी दाढी कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवणे अनिवार्य आहे. आमच्या शिक्षक रुग्णाने नेमके तेवढेच वगळले होते.

सम्यक् फेसाची लक्षणे पाकपरीक्षेप्रमाणे सांगता येतात. फेस निस्तेज दिसतो, ब्रशाला चिकटून राहतो आणि गालावर लावताच सुकू लागतो, तो रूक्ष. त्यास पाणी हवे. मोठे बुडबुडे दिसतात आणि फेस मानेवरून ओघळतो, तो अतिद्रव; त्यास साबण हवा. जो दह्याच्या सायीसारखा चकाकतो, ज्यात बुडबुडा दृष्टीस पडत नाही आणि बोटांच्या चिमटीत घेतला असता बोटे सहज घसरतात, तो सम्यक्.

पाणी व ब्रश

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी विहिरीचे व बोअरवेलचे पाणी दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून अविद्राव्य साका बनवतात. फेस कमी होतो आणि साका त्वचेवर राहतो. रुग्ण अशा वेळी साबण वाढवतो, त्यामुळे त्वचेवरील रूक्षता वाढते. दाढीपुरते तांब्याभर गाळलेले पावसाचे अथवा शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरल्यास फरक लगेच जाणवतो.

डुकराच्या केसांचा ब्रश पाणी शोषतो, म्हणून तो आधी काही मिनिटे भिजवावा; कृत्रिम तंतूंच्या ब्रशास त्याची गरज नाही. प्राणिज केसांचे वावडे असलेल्या रुग्णांना कृत्रिम ब्रश सुचवावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटन व अमेरिकेत काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, रुग्ण आढळले होते. आज तसा प्रसंग दुर्मीळ असला तरी केशकर्तनालयातील सामाईक ओला ब्रश आणि सर्वांच्या गालांवर फिरणारा तुरटीचा खडा यांविषयी रुग्णास सावध करावे. नवे पाते मागणारा ग्राहक ब्रशाविषयी काहीच बोलत नाही.

औषधशाळांसाठी

रिठ्यास फेनिल हे पर्यायनाम आहे. त्यामुळे त्याचे दाढीचे द्रव्य करण्याचा मोह स्वाभाविक आहे. आम्हीही रिठा, शिकेकाई व कुमारी यांचे असे द्रव्य करून पाहिले. रिठ्याचा फेस दुष्फेन पाण्यातही भरपूर येतो, हा गुण खरा. तथापि तो हलका व कोरडा असतो, लवकर बसतो आणि पात्यास निसरडेपणा देत नाही. शिवाय तो डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते. आमच्या एका परिचितास तो त्रास झाला आणि आम्ही तो प्रयोग थांबवला. केस धुण्यास जे गुणकारी, ते क्षौरास तसेच असेल असे नाही.

फेसाचा पाया पोटॅश साबणाचाच हवा. यवक्षार, अपामार्ग क्षार यांत प्रामुख्याने पोटॅशियमचेच क्षार असतात, हे आपणांस ठाऊक आहेच. सोड्याचा साबण कडक होतो, पोटॅशचा मऊ व पाण्यात सहज मिसळणारा. स्टिअरिक आम्लाने फेस दाट व टिकाऊ होतो. खोबरेल तेलाने तो लवकर व भरपूर येतो, परंतु बुडबुडे मोठे राहतात आणि प्रमाण वाढल्यास त्वचा रूक्ष होते. ग्लिसरीन ओलावा धरते. कुमारीचा गर निसरडेपणास साहाय्यक ठरतो. मुक्त क्षार शिल्लक नाही याची खात्री करावी, आणि नमुन्याची परीक्षा शुद्ध पाण्याबरोबरच गावच्या बोअरवेलच्या पाण्यातही करावी. ग्राहक तेच वापरणार असतो.

रुग्णास सांगावयाचे

आंघोळीनंतर दाढी करावी. फेस लावल्यावर तो दोन मिनिटे तसाच राहू द्यावा. पाते केसांच्या दिशेने, जोर न देता फिरवावे; उलट दिशेने फिरवल्यास विशेषतः कुरळ्या दाढीचे केस आत वळतात. शेवटी गार पाण्याने धुवावे. पुटकुळ्या असतील तर ग्रंथोक्त अंतर पाळून चार-पाच दिवसांनी एकदाच दाढी करावी. ज्यांच्या नोकरीत हे शक्य नाही, त्यांनी निदान दिवसाआड करावी. पूय वाढणे, ज्वर किंवा नायट्यासारखे कडा असलेले चट्टे दिसल्यास केवळ फेसावर विसंबून न राहता त्यानुसार चिकित्सा करावी.

आमच्या शिक्षक रुग्णाने दिवसाआड, वाटीत फेस करून, आंघोळीनंतर दाढी करण्यास आरंभ केला. सुमारे तीन आठवड्यांत नव्या पुटकुळ्या उठणे थांबले. जुने डाग जाण्यास अधिक काळ लागला. औषध आम्ही वाढवले नव्हते. केसपेपरावर आता आम्ही आहार-विहाराच्या रकान्यात दाढीची रीत ही एक ओळ वाढवली आहे. औषधशाळा चालवणाऱ्या बांधवांना विनंती की, वेष्टनावर घटकद्रव्यांच्या यादीखाली फेस करण्याची कृती आणि दाढी भिजवण्याचा काळ मराठीत अवश्य छापावा. उत्तम द्रव्यही बिनपाण्याने वापरले गेले, तर दोष द्रव्याच्याच माथी येतो.