बाहुलीघर बनवण्याचा छंद: हात, डोळे आणि घरातील लहान मुलांची काळजी

लहानपणी भातुकली खेळलेल्या किंवा दिवाळीत किल्ला केलेल्या अनेकांना निवृत्तीनंतर पुन्हा असे काहीतरी करावेसे वाटते. छोटेसे कौलारू घर, त्यात खाट, कपाट, चुलीवरचे भांडे आणि खिडकीत इवलासा दिवा. या छंदात बहुधा 1:12 हे प्रमाण वापरतात, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे एक इंच होतो. 6 फुटांचे दार 6 इंचांचे आणि दीड फूट उंचीची खुर्चीची बैठक दीड इंचाची.

हा छंद चांगला आहे. बोटांना काम मिळते, मन रमते आणि आजी-आजोबा व नातवंडे एकत्र बसतात. मात्र सुरुवात करण्यापूर्वी पुढील गोष्टी माहीत असाव्यात.

हात आणि मान

चिमटा किंवा बारीक ब्रश घट्ट धरून तासन्‌तास काम केल्यास अंगठ्याचे सांधे आणि स्नायुबंध दुखावतात. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येणे, विशेषतः रात्री, हे मनगटातील नस दाबली जात असल्याचे लक्षण असू शकते. बोट वाकवल्यावर अडकून 'टक्' करून सरळ होत असेल, तर तेही तपासून घ्या.

- ब्रश किंवा चाकूच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा. जाड दांडा धरायला कमी जोर लागतो.
- काम टेबलावर उंच ठेवा, म्हणजे मान खाली घालावी लागणार नाही.
- दर 20 ते 30 मिनिटांनी उठा, हात मोकळे करा.

डोळे

चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. डोळे ताणून काम करण्याऐवजी चष्म्याचा नंबर तपासा आणि भिंग लावलेला दिवा वापरा. मधूनमधून खिडकीबाहेर लांब पाहा. लाकूड किंवा तार कापताना संरक्षक चष्मा लावा.

चाकू, भुसा आणि गोंद

धार गेलेल्या पात्याला जास्त जोर लावावा लागतो आणि ते निसटते, म्हणून पाते वेळेवर बदला. जखम झाल्यास स्वच्छ कापडाने 10 ते 15 मिनिटे सलग दाबून धरा. मध्येच उघडून पाहू नका. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हे डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर रक्त थांबायला वेळ लागतो; पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर काम संपल्यावर हात नीट पाहा.

प्लाय किंवा एमडीएफ घासताना बारीक भुसा फुप्फुसात जातो. एन-95 मास्क लावा आणि भुसा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसा. मास्क रंग व थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी खिडक्या उघड्या हव्यात. दमा असेल तर विशेष काळजी घ्या.

सुपरग्लूने बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. सांडलेले सुपरग्लू कापसाने किंवा सुती कापडाने पुसू नका, त्यातून उष्णता निर्माण होऊन भाजू शकते. ते डोळ्यात गेल्यास कोमट पाण्याने धुवा, पापण्या जबरदस्तीने उघडू नका, ॲसिटोन लावू नका आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा.

सर्वांत मोठा धोका: बटन सेल

बाहुलीघरातील दिव्यांसाठी अनेकदा नाण्यासारखे चपटे सेल वापरतात. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर विद्युतप्रवाहामुळे तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या 2 तासांत अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकते. 'संपलेला' सेलही धोकादायक असतो. गिळताना कुणी पाहिलेले नसते आणि सुरुवातीला फक्त लाळ गळणे, खोकला किंवा जेवण नाकारणे एवढेच दिसते.

शंका आली तरी:

- ताबडतोब एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गरज पडल्यास 108 क्रमांकावर फोन करा. लक्षणांची वाट पाहू नका.
- उलटी करवू नका, काही खायला-प्यायला देऊ नका.
- अपवाद मधाचा. मूल 1 वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून 12 तास झाले नसतील, तर रुग्णालयात जाताना दर 10 मिनिटांनी 2 चहाचे चमचे मध द्या (जास्तीत जास्त 6 वेळा). मध हा उपचार नव्हे. त्याने इजा थोडी लांबते. मध आणायला जाऊन उशीर करू नका.
- सेल नाकात किंवा कानात गेला असेल तरीही तातडीने जा. थेंब टाकू नका.

सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा घ्या. जुने सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. छोटे शक्तिशाली चुंबकही असेच धोकादायक आहेत. दोन गिळले गेल्यास मध्ये आतडे चिमटले जाते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

मुंग्या किंवा दुखणे दोन आठवड्यांहून जास्त राहिले, जखम लाल होऊन सुजली, रक्त दाबूनही थांबले नाही किंवा काम करताना धाप लागली, तर वाट पाहू नका.

घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर कामाचे टेबल वेगळ्या खोलीत ठेवा आणि उठताना दार लावा. नातवंडांना घर दाखवायचेच आहे, पण ते तुमच्यासमोर, सेल आत बंद असताना.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचारासाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)