कचेरीतील माहिती कोणाच्या हाताशी असावी?

सरकारी कचेरीत, बँकेत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला दिवसातून अनेकदा एक साधा प्रश्न पडतो: या बाबतीत नियम काय आहे? उत्तर कोठेतरी असतेच. ते एखाद्या परिपत्रकात असते, कुलूपबंद कपाटात असते, साहेबांच्या टेबलाच्या खणात असते, किंवा निवृत्तीला टेकलेल्या एखाद्या जुन्या कारकुनाच्या डोक्यात असते. प्रश्न पडल्यापासून उत्तर हाती येईपर्यंत जो वेळ जातो, त्याची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही, आणि म्हणूनच त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याची किंमत भरतो तो टेबलाच्या अलीकडे उभा असलेला माणूस. कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी आलेल्या बाईला "उद्या या" असे सांगितले जाते, तेव्हा त्यामागे आळस असेल किंवा चिरीमिरीची अपेक्षा असेल असे आपण धरून चालतो. ती कधी असतेही. परंतु आमच्या मते पुष्कळदा कारण याहून साधे असते. सांगणाऱ्यालाच नियम ठाऊक नसतो, आणि तो कोठे पाहावा हेही ठाऊक नसते.

लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे काही कमी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल हे तिचे मोठे साक्षीदार. पण दप्तर असणे आणि दप्तरातले हवे ते सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कोठे सामान्य अभ्यासकाला त्या कागदांचे दार उघडले. पेशवाई जाऊन तोवर शंभरांहून अधिक वर्षे लोटली होती. इतिहासकार शंभर वर्षे थांबू शकतो. तहसील कचेरीतील कारकुनाला दुपारपर्यंतही थांबता येत नाही.

मग हाताशी राहील अशी माहिती कशी लावावी? याचा एक उत्तम नमुना आपल्या अगदी परिचयाचा आहे, आणि परिचयाचा असल्यामुळेच आपण त्याच्याकडे कधी निरखून पाहत नाही. तो म्हणजे तलाठ्याचे दप्तर. गावाच्या महसुली हिशेबाचे १ ते २१ असे क्रमांक दिलेले गाव नमुने ठरलेले आहेत. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो नमुना ७ आणि नमुना १२ यांचा जोड आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे हे सात सांगतो, तीत पीक काय आहे हे बारा सांगतो. नाव का व केव्हा बदलले, हे पाहावयाचे तर नमुना ६, म्हणजे फेरफार. एका खातेदाराकडे गावात एकूण जमीन किती, हे हवे असेल तर ८-अ. कालच रुजू झालेल्या परक्या गावच्या तलाठ्यालाही कोणते पुस्तक काढायचे हे कोणाला विचारावे लागत नाही. या रचनेतली खुबी ही की, ती कागद कोणी लिहिला किंवा कोणत्या वर्षी आला यावर बेतलेली नाही. ती लोक कोणता प्रश्न विचारतात यावर बेतलेली आहे. नोंदी खोट्या असल्या किंवा शिळ्या असल्या तर रचना काय करणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण निदान खोटी नोंद कोठे आहे हे तरी सर्वांना कळते.

महाराष्ट्रातील कचेऱ्यांतून कारकुनाच्या टेबलासाठी अशीच एक पद्धत सांगितलेली आहे. तिला सहा गठ्ठा पद्धत म्हणतात. पहिल्या गठ्ठ्यात निकालात काढावयाची प्रकरणे; दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या उत्तरासाठी थांबलेली; तिसऱ्यात ठराविक तारखांना पाठवावयाची नियतकालिक विवरणे; चौथ्यात स्थायी आदेश; पाचव्यात अभिलेख कक्षाकडे रवाना करावयाचे निकाली कागद; आणि सहाव्यात नष्ट करावयाचे 'ड' वर्गाचे कागद. ऐकताना ही गृहिणीच्या फडताळाची व्यवस्था वाटते, आणि तशी ती आहेही.

या सहांपैकी चौथा आणि सहावा या दोन गठ्ठ्यांवर आम्हांला विशेष बोलावयाचे आहे. चौथा गठ्ठा म्हणजे त्या टेबलाची विद्या. त्या टेबलावरच्या कामाला लागू असणारे सगळे आदेश एका जागी, विषयवार, वर अनुक्रमणिका लावून. हा गठ्ठा नीट असेल तर बदलून आलेला माणूस आठवड्याभरात कामाचा होतो. नसेल तर तो वर्षभर शेजाऱ्याला विचारीत बसतो आणि शेजारी जे सांगेल तोच नियम ठरतो. सहाव्या गठ्ठ्याला मात्र कोणी विद्या म्हणत नाही, त्याला लोक केर समजतात. आमचे म्हणणे असे की, चौथा गठ्ठा चांगला राहतो तो सहाव्याच्या जोरावर. रद्द झालेला आदेश चालू आदेशाच्या शेजारी पडून राहिला की दोन्ही सारखेच खरे दिसू लागतात. माहिती सुलभ करणे म्हणजे माहितीत भर घालणे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अर्धे काम काढून टाकण्याचे असते, आणि ते अवघड असते. कागद ठेवून दिल्याबद्दल कोणाला शिक्षा होत नाही, फाडल्याबद्दल होऊ शकते. म्हणून कागद ठेवण्याच्या मुदतीच ठरवून दिलेल्या आहेत. 'अ' वर्ग कायमचा, आणि 'ड' वर्गाची मुदत सर्वांत अल्प. फाडणाऱ्याच्या पाठीशी नियम उभा राहावा, हा त्यातला शहाणपणा.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी १९८० नंतरच्या दशकात आपल्या कचेरीचे दप्तर निवडून, वर्गवारी लावून, कोणत्या टेबलावर कोणते काम आणि त्याचे नियम कोणते हे लिहून काढण्याचा जो उपक्रम केला, तो 'लखीना पॅटर्न' म्हणून गाजला. त्याचे अनुकरणही पुढे झाले. अनुकरणाची एक रीत असते: भिंतीचा रंग आणि दारावरची पाटी आधी येतात, वर्गवारी मागाहून येते, आणि कधी कधी येतच नाही.

याला विरोध कोणाचा असतो? उघड कोणाचाच नाही. पण प्रत्येक कचेरीत एखादे चालते-बोलते दप्तर असते. साहेब येतात-जातात, हे गृहस्थ तेथेच असतात. कोणते परिपत्रक कोठे आहे हे त्यांना ठाऊक, आणि ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे, कारण त्यांनी ते कष्टाने मिळवलेले असते. तरीसुद्धा हे म्हटले पाहिजे की जी माहिती एकाच माणसाजवळ आहे ती कचेरीची नव्हे, ती त्या माणसाची मिळकत होय. मिळकत म्हटली की तिचे भाडे आले. कोठे ते मानाच्या रूपाने वसूल होते, कोठे रोखीने.

कचेरीत माहितीअभावी हेलपाटे पडतात. जेथे माहितीअभावी माणसे मरतात तेथे काय करतात, तेही पाहण्यासारखे आहे. रेल्वेत नियमपुस्तक ज्याला दिले आहे त्या कर्मचाऱ्याने ते जवळ बाळगावे, निघतील त्या दुरुस्त्या त्यात लावून ते अद्ययावत ठेवावे आणि वरिष्ठाने मागताच दाखवावे, असा नियमच आहे. म्हणजे सहाव्या गठ्ठ्याचे काम तेथे प्रत्येकाच्या हाती दिले आहे. आणि तेवढ्यावरही भिस्त ठेवलेली नाही. पुढे कोठे रूळदुरुस्ती चालू असेल व गाडी हळू न्यावयाची असेल, तर चालकाला आधीच्या ठाण्यावर सतर्कता-आदेशाचा कागद हाती मिळतो. शिवाय ती जागा येण्यापूर्वी, वेग आवरण्याइतके अंतर राखून, रुळाच्या कडेला फलक उभा असतो. कागदावर एकदा, वाटेवर पुन्हा. चालकाने गाडी चालवता चालवता पुस्तक चाळावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. कचेरीतील साहेबमंडळी मात्र कारकुनाकडून हीच अपेक्षा करतात.

याच्या अगदी उलट उदाहरण भोपाळचे. १९८४ च्या २ डिसेंबरची रात्र संपून ३ डिसेंबर उजाडला, तेव्हा मिथिल आयसोसायनेट वायूने गावभर मृत्यू पसरला होता, आणि रुग्णालयांतील डॉक्टरांनाही समोरच्या रोग्याच्या छातीत काय गेले आहे व त्यावर उपचार कोणता हे धड कळलेले नव्हते. त्यानंतर १९८७ साली १९४८ च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, धोक्याच्या पदार्थांची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देण्याचे बंधन कारखानदारावर आले आणि ती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. त्या १९४८ च्या कायद्यात आणखी एक लहानशी तरतूद होती, ती आम्हांला फार मोलाची वाटते. कायद्याचा गोषवारा कारखान्याच्या प्रवेशद्वाराजवळ, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावावा. न समजणाऱ्या भाषेतली पाटी ही पाटी नव्हे, हे कायद्याने मान्य केले.

भाषेचा प्रश्न आपल्या राज्यातही आहेच. १९६० साली भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. कचेऱ्यांतून मराठी आली ही मोठीच गोष्ट घडली. पण काही परिपत्रकांची मराठी अशी असते की ती समजण्यासाठी मूळ इंग्रजी शोधावे लागते. एका वाक्यात चार 'परंतु' आणि दोन 'तथापि' असले, की वाचणारा ते वाक्य सोडतो आणि शेजाऱ्याला विचारतो; आपण पुन्हा त्याच चालत्या-बोलत्या दप्तरापाशी येऊन थांबतो.

आता संगणक आला आहे. शासन निर्णय सांकेतांक लावून संकेतस्थळावर ठेवले जातात, घरबसल्या पाहता येतात. हा लाभ लहान नाही. परंतु शोधणाऱ्यापुढे एका शब्दासरशी वीस निर्णय येतात, आणि त्यांतला चालू कोणता, कोणत्या कलमापुरता रद्द कोणता, हे निवडण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडते. सहावा गठ्ठा यंत्र आपोआप बांधीत नाही. त्यासाठी विषयाचा जाणकार माणूस बसवावा लागतो, आणि वरती तारीख घालून 'आजमितीस लागू' एवढे लिहिण्याची जबाबदारी त्याच्या सहीने घ्यावी लागते.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ही गोष्ट वेगळ्या वाटेने मागितली आहे. कर्मचारी कामासाठी जे नियम, सूचना व नियमपुस्तिका वापरतात त्यांची माहिती प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करावी, आणि दप्तराची सूची व अनुक्रमणिका लावावी, असे त्याच्या चौथ्या कलमात आहे. आपण ते नागरिकांसाठी आहे असे समजतो. आम्हांला वाटते, त्या यादीची गरज आधी खिडकीच्या आतल्या माणसाला आहे. ती कोणत्या साहेबाने करावी, याची चर्चा पुष्कळ होते. करणे मात्र सोपे आहे: एका टेबलापासून आरंभ करावा, त्या टेबलावर महिनाभरात कोणते प्रश्न आले ते त्याच कारकुनाकडून टिपून घ्यावेत, आणि जे प्रश्न वारंवार येतात त्यांची उत्तरे आदेशाच्या क्रमांकासह आधी लावावीत.

आणि बदलीच्या दिवशी ती यादी कार्यभारात मोजून द्यावी. आज कार्यभार देताना किल्ल्या दिल्या-घेतल्या जातात, जडसंग्रह नोंदवहीवरून खुर्च्या, कपाटे, पंखे मोजून सह्या होतात. चौथ्या गठ्ठ्यात किती आदेश आहेत, हे मात्र कोणी मोजून घेत नाही.