भुताचे अंदाजपत्रक

भुताखेतांच्या स्वस्त चित्रपटांचे परीक्षण करणे हा काही सभ्य गृहस्थांचा उद्योग नव्हे. तरीही मी आणि माझा एक बालमित्र तो गेली कित्येक वर्षे इमानेइतबारे करीत आलो आहोत. तो बँकेत हिशेब तपासून निवृत्त झाला, मी शाळेत निबंध तपासून. साहजिकच आमच्या वहीत दोन रकाने आहेत. डावीकडे मी कथा तपासतो, उजवीकडे तो खर्च! बड्या चित्रपटांना परीक्षक पुष्कळ. आमच्या वाट्याला रामसे बंधू.

या बंधूंची हकीकत त्यांच्या चित्रपटांहून सरस आहे. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेले हे कुटुंब. वडिलांचे रेडिओचे दुकान, मुलगे सात. १९७० साली वडिलांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला आणि तो साफ पडला. परंतु त्यातल्या एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात, तेवढ्यापुरते प्रेक्षक दचकत. मुलांनी हे नेमके हेरले. बाकीचा पसारा टाकून तेवढे दचकणेच का विकू नये?

त्यातून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. स्टुडिओचे भाडे कोण भरणार? सारे बिऱ्हाड महाबळेश्वरी सरकारी विश्रामगृहात उतरले आणि तिथेच चित्रण झाले. तुलसी आणि श्याम यांचे दिग्दर्शन. पुढच्या चित्रपटांतून गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, अशी कामे घरातल्या घरात वाटली गेली. माझ्या मित्राच्या रकान्यात नोंद आहे : “देखावा – आयता. धुके – फुकट. पगार – भावाभावांत.” हिशेबनीस माणूस एवढा हळवा झालेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही.

माझ्या रकान्यातही गुण बरे आहेत. प्रेत दिसण्याआधी दार करकरते, दिवा मालवतो, पाऊल वाजते. या कशालाच पैसे पडत नाहीत आणि अंगावर काटा मात्र तेव्हाच येतो. मुखवटा उजेडात आला की रबर दिसते. ‘पुराना मंदिर’ (१९८४) पाहा. त्यातला सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने इंजिनियर. त्यांची ती ताडमाड उंची दारात नुसती उभी राहिली, तरी पुरे!

आमचे वाजते ते पुढे. त्याच ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीपचा मच्छरसिंग ‘शोले’च्या गब्बरची नक्कल करीत सुटतो, आणि भूत बिचारे ताटकळत बसते. न्हाणीघरातले प्रसंग तर या चित्रपटांच्या पाचवीलाच पुजलेले. मी तिथे निर्दयपणे गुण कापतो. भूत गरीब असेल तर माझी तक्रार नाही. पण भीती कमी पडली म्हणून बाईची लाज खर्ची घालायची, ही काटकसर नव्हे.

“अरे मास्तर,” मित्र म्हणतो, “शहरातले मोठे चित्रगृह यांना उभे करीत नव्हते. तालुक्याच्या गावी दिवसभर राबून आलेल्या माणसाला तिकिटाच्या पैशात भीती, हसू, गाणे सगळे हवे असायचे. त्या पैशावर सात भावांच्या चुली चालायच्या. तुझी पेन्शन पहिल्या तारखेला येते रे!”

“मग चूल पेटते म्हणून काहीही शिजवावे?”

“शिजवू नये. पण ताट पुसून खाणाऱ्याला एकदा विचारावे.”

यावर माझ्यापाशी उत्तर आहे. पण ते मी अजून त्याच्या तोंडावर दिलेले नाही. ताट पुसून खाणाऱ्यांत बायका किती होत्या, हे त्याच्या रकान्यात कुठेच मांडलेले नाही.

श्रमाला दहापैकी नऊ, यावर दोघांची सही आहे. एकूण गुणांच्या चौकटीत त्याने पेन्सिलीने सात लिहिले होते. मी ते खोडून पाच केले. परवा पाहतो तो पुन्हा सात, आणि या खेपेस शाईने.